प्रजाजन आणि नागरिक : हैदराबादचा धडा



'प्रजा' आणि 'नागरिक' हे दोन शब्द नित्याच्या बोलण्यात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. प्रजाजनाला कर्तव्ये नव्हती असे मुळीच नाही. सारा भरणे, हुकूम पाळणे, बोलावणे आले की हात जोडून उभे राहणे, ही सारी त्याची कर्तव्येच होती. परंतु राज्य कसे चालते, पैसा कोठे जातो, शेजाऱ्यावर अन्याय होतो तो का, हे विचारण्याचे कर्तव्य त्याच्यावर नव्हते. किंबहुना ते विचारणे हाच त्याचा अपराध ठरत असे. नागरिकाची गोष्ट निराळी आहे. सार्वजनिक कारभाराचा तो धनी आहे आणि म्हणूनच त्या कारभाराच्या बऱ्यावाइटाचा जबाबदार आहे. आज्ञापालनाने प्रजाजन पूर्ण होतो. नागरिकाचे काम त्याच्या पुढे सुरू होते.

प्रजाजनाचा नागरिक कसा होतो, हे पुस्तकात शोधण्याऐवजी हैदराबादच्या इतिहासात पाहणे अधिक उपयोगी ठरेल. या नगरीत आणि तिच्या भोवतालच्या संस्थानात हा बदल एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधीत घडून आला. त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. त्यांच्या हातून झालेल्या चुकाही त्यात आहेत. लोकशाहीतील जबाबदारी आणि विश्वनागरिकत्वाचे शिक्षण या विषयाचा विचार त्या इतिहासाच्या आधारेच येथे करावयाचा आहे.

निजामाचे हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे होते. १९४१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली होती. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारे लोक एका छत्राखाली नांदत होते. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यातच मोडत. एवढ्या मोठ्या लोकसमुदायाला सभा भरविण्याची मुभा नव्हती. १९२९ साली निघालेली 'गश्ती निशाण ५३' या नावाची एक आज्ञा प्रसिद्ध आहे. गश्ती म्हणजे परिपत्रक. त्या परिपत्रकान्वये कोणतीही जाहीर सभा घेण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. खासगी शाळा काढणे, आखाडा चालविणे यांनाही परवानगीचे बंधन होते. माणसे एकत्र जमली की विचार करतात आणि विचार करू लागली की प्रश्न विचारतात, हे राज्यकर्त्यांना चांगलेच ठाऊक होते.

गोमंतकातून आलेल्या महाजन कुटुंबांना हे वर्णन परके वाटणार नाही. सालाझारच्या राजवटीत गोव्यातही सभेला बंदी होती. छापण्याच्या प्रत्येक कागदावर, अगदी लग्नपत्रिकेवरसुद्धा, सरकारी तपासनिसाची नजर फिरत असे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांनी मागितले होते ते एवढेच की माणसांना एकत्र जमून बोलता यावे. हैदराबाद आणि गोवा यांच्यात राज्यकर्ते वेगळे, धर्म वेगळा, भाषा वेगळी. परंतु प्रजेच्या तोंडावर ठेवलेला हात एकाच जातीचा होता.

अशा स्थितीत हैदराबादच्या जाणत्या माणसांनी प्रथम काय केले? त्यांनी शाळा काढल्या. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनीची स्थापना झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांचे बळ या कार्यामागे होते. कोरटकर हे नामांकित वकील, पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालयही त्याच काळातले. राज्याच्या शिक्षणव्यवस्थेत उर्दूलाच प्राधान्य असताना मुलांना मातृभाषेतून शिकता यावे, हा या शाळांचा उघड हेतू होता. त्याच्या पोटात आणखी एक हेतू होता. वर्गणी गोळा करावयाची, समिती निवडावयाची, हिशेब मांडावयाचा, मतभेद झाले तरी काम मोडावयाचे नाही, या गोष्टी शाळेतील मुलांच्या आधी शाळा चालविणारी वडीलधारी मंडळी शिकत होती. राजकीय सभेला जेथे बंदी, तेथे शाळेची समिती हीच लोकांची पहिली विधिसभा ठरली.

स्वामी रामानंद तीर्थ हेदेखील मूळचे शिक्षक होते. १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेला हा पुरुष हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकवीत होता. कन्नड मुलुखात जन्म, मराठीत अध्यापन, तेलुगू आणि उर्दू सहकाऱ्यांसमवेत लढा आणि हैदराबादेत १९७२ साली देहावसान, असा त्यांचा जीवनक्रम आहे. ज्यांनी संस्थानाच्या प्रजेला नागरिक केले त्यांचे नेतृत्व वर्गातून पुढे आलेल्या या संन्याशाकडे जावे, यात योगायोग थोडा आणि कार्यकारणभाव अधिक आहे.

मात्र या उज्ज्वल इतिहासातील एक प्रसंग मराठी माणसाने विसरता कामा नये. १९२१ च्या नोव्हेंबर महिन्यात विवेकवर्धिनीच्याच नाट्यगृहात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. उर्दू, मराठी, इंग्रजी अशी भाषणे चालली असता अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील आपल्या मातृभाषेत, म्हणजे तेलुगूत, बोलावयास उभे राहिले. श्रोत्यांमध्ये मराठी भाषिकांचा भरणा होता. त्यांनी टाळ्या पिटून व गलका करून वक्त्याची हुर्यो केली. ज्या संस्थानात सर्वांत अधिक लोक तेलुगू बोलत, तेथे तेलुगू बोलणाऱ्याला सुधारकांच्या सभेत खाली बसावे लागले. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी सभा सोडली आणि १२ नोव्हेंबर १९२१ रोजी आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यातूनच पुढे आंध्र महासभेची मोठी चळवळ उभी राहिली.

या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. तेथे सरकारची कोणतीही गश्ती लागू झालेली नव्हती. पोलीस आले नव्हते. माणसाचे बोलणे माणसांनीच बंद केले. आणि ते करणारे लोक स्वतः भाषेच्या गळचेपीने त्रस्त झालेले होते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो आपोआप न्यायी होतो, ही समजूत किती भोळी आहे हे यावरून दिसते. आपल्याला बोलू द्यावे ही मागणी प्रजाजनही करतो. समोरच्याला, त्याच्या भाषेत, आपल्याला न रुचणारेही बोलू द्यावे, ही शिकवण अंगी बाणली म्हणजे नागरिकत्वाचा आरंभ होतो. आंध्र जनसंघाच्या प्रारंभीच्या मंडळींपैकी एक बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि मराठी उत्तम जाणत. पुढे १९५२ साली हैदराबाद राज्याचे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री तेच झाले. सभागृहातील श्रोत्यांनी जे औदार्य दाखविले नाही ते या तेलुगू गृहस्थाने मराठीविषयी आयुष्यभर दाखविले.

१९३८ साल उजाडले. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घालण्यात आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. शेकडो तरुणांच्या शिक्षणावर पाणी पडण्याची वेळ आली. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, त्यांना आपली दारे उघडली. त्या विद्यार्थ्यांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा एक तेलुगू युवक होता. या युवकाने पुढे हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत आणली आणि १९९१ साली तो भारताचा पंतप्रधान झाला. एका विद्यापीठाने नाकारलेल्या परप्रांतीय मुलांना दुसऱ्याने जवळ करणे ही कायद्याने सांगितलेली गोष्ट नव्हती. संस्थासुद्धा नागरिकासारख्या वागू शकतात, याचा हा नमुना आहे.

त्याच १९३८ सालच्या सप्टेंबरात मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनकडे निघाले होते. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या जनतेची शुश्रूषा करण्यासाठी काँग्रेसने ते धाडले होते. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ठरलेली मुदत संपल्यावर सोबती परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांनी देह ठेवला. सोलापूर हे निजामाच्या सरहद्दीला लागून असलेले गाव. एका अंगाला आपल्या देशातील नागरिकत्वासाठी तुरुंगात जाणारे तरुण आणि दुसऱ्या अंगाला परक्या देशातील जखमींसाठी आयुष्य वेचणारा तरुण, हे एकाच वर्षी, एकाच मुलुखात घडत होते. देशभक्ती आणि विश्वबंधुत्व यांच्यात विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष अवश्य आठवावे.

यानंतरची दहा वर्षे कसोटीची गेली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश आनंदोत्सव करीत असता स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. त्या काळात शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने आपल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकातून रझाकारांवर निर्भयपणे टीका केली आणि संस्थान भारतात विलीन व्हावे असे स्पष्ट लिहिले. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतत असता त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व ज्या हाताने तो लिहीत असे तो हात तोडण्यात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा अंत झाला. आपल्याच समाजातील बलिष्ठांच्या विरुद्ध सत्य लिहिणे हे नागरिकाचे सर्वांत कठीण कर्तव्य होय. ते त्याने प्राण देऊन पार पाडले.

सप्टेंबरात भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. त्याच्या आदल्याच दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीसमोर हैदराबादचा प्रश्न निघाला होता. जगाच्या व्यासपीठावर निजामाच्या सरकारचे प्रतिनिधी बोलले. ज्या दीड कोटी माणसांच्या भवितव्याचा तो प्रश्न होता त्यांच्या वतीने निवडून गेलेला एकही प्रतिनिधी संस्थानापाशी नव्हता. प्रजेच्या नावाने कोणीही बोलू शकतो. नागरिक आपला आवाज स्वतः निवडतो.

मुक्तीचा तो दिवस मराठवाड्यात अभिमानाने पाळला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवसांची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. सैनिकी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर अनेक भागांत निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला पाहणीसाठी पाठविले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे आणि एकंदर मृत्यूंची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असे समितीने नमूद केले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगावयाचे आणि हे दडवावयाचे, ही प्रजाजनाची रीत झाली. कारण प्रजाजन आपल्या पक्षाचा इतिहास सांगतो. नागरिकाने दोन्ही सांगितले पाहिजे. शोएबुल्ला खानाचे नाव आदराने घेण्याचा अधिकार त्यायोगेच प्राप्त होतो.

ज्या वर्षी हैदराबाद मुक्त झाले त्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे तेथे 'सर्व मानव' असा शब्द आला. या जाहीरनाम्यात हक्कांची यादी झाल्यावर २९ व्या कलमात असे म्हटले आहे की प्रत्येक व्यक्तीची समाजाप्रत कर्तव्ये असतात. हक्क आधी, कर्तव्य नंतर, असा हा क्रम आहे आणि तो अर्थपूर्ण आहे. ज्याला हक्कच नाहीत त्याला कर्तव्य सांगणे म्हणजे हुकूम सोडणे होय.

आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांचा भाग १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. तो आणीबाणीचा काळ होता. नागरिकांचे हक्क गोठविलेले असताना त्यांना कर्तव्यांचा उपदेश केला जावा, ही विसंगती विचारी माणसांना तेव्हाही जाणवली होती. १९७७ च्या मतदारांनी हक्क परत मिळविले. पण कर्तव्यांचा तो भाग, ५१ क हे कलम, जागच्या जागी राहिला आणि तो राहिला हे चांगलेच झाले. कारण त्यातील मजकूर सत्तेला सोयीचा आहे असे मुळीच नाही. धर्म, भाषा व प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढविणे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे, वने, सरोवरे व नद्या यांचे रक्षण करणे, विज्ञाननिष्ठ दृष्टी व चिकित्सक वृत्ती जोपासणे, सार्वजनिक मालमत्ता जपणे, ही त्यातील कर्तव्ये मनापासून पाळणारा माणूस कोणत्याही सरकारला अवघड प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. २००२ साली त्यात अकरावे कर्तव्य जोडले गेले: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे.

आता या वारशाचा हिशेब मांडून पाहावा. ज्या नगरीत सभा भरविण्यासाठी लोक तुरुंगात गेले त्या हैदराबादच्या लोकसभा मतदारसंघात २०१९ साली सुमारे ४५ टक्के मतदारांनी मत दिले. २०२४ साली हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास गेले. तेलंगण राज्याची सरासरी त्या वेळी ६५ टक्क्यांच्या पुढे होती. डिसेंबर २०२० मधील महानगरपालिकेच्या निवडणुकीतही निम्म्याहून कमी मतदार मतदानास आले. मतदारयाद्यांतील दोष, नोकरीसाठी झालेली स्थलांतरे ही कारणे आहेतच. परंतु सुशिक्षित, सुस्थित वस्त्यांतील कित्येक घरे त्या दिवसाकडे सुट्टीचा दिवस म्हणून पाहतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. आजोबांनी जे मागितले ते मिळाले आणि नातवंडांना त्याचा कंटाळा आला, असे इतिहासाने लिहू नये.

नागरिकाचे काम मतदानाने संपतही नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे त्यात गेली असे सांगितले जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने दीडशे जणांना आधार दिला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. प्रजेसाठी राजाने धरणे बांधली. पुढे नागरिकांचे राज्य आले आणि त्याच नगरीतील जुनी तळी, नाले बुजवून त्यांवर घरे उठली. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पाण्याने आपली जुनी वाट शोधली आणि वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. नाल्यावर बांधणारा दोषी, परवानगी देणारा दोषी. पण स्वस्त मिळतो म्हणून चौकशी न करता भूखंड घेणारा आणि शेजारचे तळे भरले जात असता गप्प बसणारा यांनाही नागरिकत्वाच्या न्यायालयात उत्तर द्यावे लागेल.

येथूनच विश्वनागरिकत्वाचा विचार सहज उलगडतो. पाऊस, रोगराई, अफवा, युद्धाची झळ यांना सरहद्द कळत नाही. म्हणून युनेस्कोने १९७४ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य, शांतता आणि मानवी हक्क यांच्या शिक्षणाविषयी सर्व राष्ट्रांना शिफारस केली. २०२३ साली तिची नव्याने मांडणी झाली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत, शिक्षणाच्या चौथ्या उद्दिष्टाखाली, विश्वनागरिकत्वाच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या घटनेच्या ५१ व्या कलमातही आंतरराष्ट्रीय शांतता वाढविण्याचे ध्येय प्रथमपासून आहे. ही भाषा कोणाला फार मोठी वाटेल. परंतु हैदराबादजवळच्या पोचमपल्ली गावात १८ एप्रिल १९५१ रोजी एका मराठी भाषिक संताने तिचा सोपा अर्थ दाखविला. विनोबांनी गावातील भूमिहीन हरिजनांची गरज ऐकली, गावकऱ्यांसमोर ठेवली आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदान तेथे जन्मले. हेच विनोबा १९५७ पासून 'जय जगत्' म्हणू लागले. जगाचा जयजयकार करण्याचा अधिकार त्यांना गावोगाव पायी हिंडून आला होता.

परदेशगमन म्हणजे विश्वनागरिकत्व नव्हे, हे महाजन कुटुंबांना आवर्जून सांगितले पाहिजे. आज बहुतेक घरांतील एखादा तरी मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे आहे. हैदराबादच्या हायटेक सिटीत बसून रात्रभर अमेरिकेतील कार्यालयांचे काम करणारे तरुणही पुष्कळ आहेत. त्यांना जगाची घड्याळे पाठ असतात. आपल्या प्रभागाची हद्द कोठून कोठे आहे हे मात्र ठाऊक नसते. ज्याला आपल्या गल्लीतील सफाई कामगाराच्या आरोग्याची पर्वा नाही त्याची जगाविषयीची कळकळ ही शोभेची वस्तू होय. म्हणून या शिक्षणाचा आरंभ घरातून व्हावा. हैदराबादेतील मराठी मुलाला तेलुगू लिहिता-वाचता यावी, उर्दू समजावी. १९२१ च्या त्या गलक्याचे प्रायश्चित्त यापरते दुसरे नाही. हाती आलेली बातमी खरी की खोटी हे तपासल्यावाचून पुढे धाडू नये. सत्य लिहिण्यासाठी ज्या शहरात एका संपादकाचा हात तोडला गेला तेथे असत्य पसरविण्यास आपले बोट कामी येऊ नये. निवडणुकीचे निकाल, अर्थसंकल्प, दूरच्या देशांतील निर्वासितांची वार्ता यांवर घरात मुलांसमक्ष बोलणे व्हावे आणि मुलांच्या मताला उत्तर मिळावे, दटावणी मिळू नये.

आणि महाजन मंडळींच्या हाती तर नागरिकत्वाची एक पाठशाळा पूर्वापार आहेच. देवस्थानची महाजनी ही संस्था नीट पाहिली तर तिच्यात लोकशाहीची बरीच अंगे दिसतात. १८८६ साली पोर्तुगीज अमदानीत महाजनींचे लेखी नियम झाले आणि १९३३ साली त्यांची पुनर्रचना झाली. महाजनांची नोंदवही, सर्वसाधारण सभा, निवडलेली समिती, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार, वार्षिक अंदाजपत्रक आणि तपासलेला हिशेब, अशी ही घडी आहे. ज्या गोव्यात राजकीय मताला किंमत नव्हती तेथे देवस्थानच्या सभेत हात वर करून मत देण्याची सवय आपल्या पूर्वजांना होती. महाजन हा देवाच्या द्रव्याचा मालक नसून विश्वस्त आहे, ही भावना त्या घडीचा प्राण होय. सार्वजनिक पैशाकडे पाहण्याची हीच दृष्टी महानगरपालिकेला आणि राज्याला लावली की नागरिकाचे अर्धे शिक्षण झाले.

परंतु या पाठशाळेच्या मर्यादाही उघड्या डोळ्यांनी पाहाव्यात. महाजनकी जन्माने मिळते; नागरिकत्वात जन्मावरून उच्चनीच ठरत नाही. परंपरेने बहुतेक ठिकाणी नोंदवहीत पुरुषांचीच नावे चढत आली. हंसाबेनांनी जगाच्या जाहीरनाम्यातला एक शब्द बदलून घेतला, आपल्या वहीतील रकान्याचा विचार करण्यास आपणास कोणाची आडकाठी आहे? सर्वसाधारण सभेस गणसंख्येअभावी तहकुबी घ्यावी लागणे आणि उत्सवाच्या दिवशी मात्र प्रांगण फुलून जाणे, हा अनुभव पुष्कळ देवस्थानांना आहे. पालखीला खांदा देण्याचा मान सर्वांना हवा असतो. हिशेबाची वही उघडून बसण्याचे काम दोघा-तिघांवर पडते. मतदानाच्या दिवशी हैदराबादेत जे घडते त्याचीच ही लहान प्रतिकृती आहे. जो महाजन आपल्या देवस्थानच्या सभेत प्रश्न विचारीत नाही तो नगरपित्याला काय विचारणार?

पराभव पचविणे हाही नागरिकत्वाचा एक मोठा धडा आहे आणि तो गोमंतकीय समाजाने घेतलेला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० आणि विरुद्ध १ लाख ७२ हजार १९१ मते पडली. ३४ हजार २१ मतांनी निर्णय लागला. विलीनीकरण व्हावे असे मनापासून वाटणाऱ्या असंख्य मराठीप्रेमी कुटुंबांना तो निकाल जिव्हारी लागला; तरी तो त्यांनी मानला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दयानंद बांदोडकर यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि ज्या गोव्याचे वेगळेपण त्यांना नको होते त्याच गोव्यात गावोगाव शाळा काढण्याचे काम त्यांनी पुढे चालविले. मत हरल्यावरही काम न सोडणारा माणूस लोकशाहीला हवा असतो.

हैदराबादच्या इतिहासाचा धडा थोडक्यात असा आहे. येथील लोक एका दिवसात नागरिक झाले नाहीत. शाळेच्या समितीत, ग्रंथालयात, सत्याग्रहाच्या तुकडीत, वसतिगृहाच्या प्रार्थनेत, संपादकाच्या टेबलाशी ते थोडे थोडे नागरिक झाले आणि मगच १७ सप्टेंबरचा दिवस उगवला. जे हळूहळू मिळते ते हळूहळू जातेही. सभा ओस पडते, हिशेब न वाचता संमत होतो, मतदानाचा दिवस झोपेत जातो, शेजाऱ्याची भाषा हास्याचा विषय होते; आणि कोणतीही गश्ती न निघता नागरिक पुन्हा प्रजाजन होऊन बसतो.

देवासमोर उभे राहिल्यावर गाऱ्हाणे घालण्याची आपली रीत आहे. त्या गाऱ्हाण्यात आपण आपल्या कुटुंबाचे, गावाचे आणि अखेरीस सकळांचे कल्याण मागतो. ज्या सकळांसाठी मागणे मागितले त्यांच्यापैकी कोणाचे तरी काम देवळाबाहेर पडल्यावर हाती घेणे, हेच महाजनाचे नागरिकत्व होय. ते महाजन कुटुंबांतील तरुण पिढीने उचलावे, ही श्रीचरणी प्रार्थना.